माउथ ऑर्गनवर वेगवान ब्लूग्रास: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी खुणा समजून घ्या. माउथ ऑर्गनच्या भोकांना आपण घरं म्हणू. डावीकडचं जाड आवाजाचं घर पहिलं, उजवीकडचं बारीक आवाजाचं दहावं. ‘४फुं’ म्हणजे चौथ्या घरात फुंकायचं, ‘४ओ’ म्हणजे त्याच घरातून श्वास आत ओढायचा. पट्टी पेटीच्या हिशोबानं सांगितली आहे: सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा.

ब्लूग्रास म्हणजे नेमकं कोणतं संगीत? त्यात माउथ ऑर्गन असतो का?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बिल मन्रो (१९११–१९९६) यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडवरून हे नाव पडलं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन त्या बँडमध्ये आला आणि आज आपण ब्लूग्रास म्हणतो तो आवाज पक्का झाला. मूळ संचात मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन), पाच तारांचा बँजो, गिटार आणि उभा डबल बास असतो. माउथ ऑर्गन त्यात नाही. त्यामुळे तो वाजवणाऱ्याला आपली जागा कमवावी लागते. डीफोर्ड बेली, चार्ली मकॉय आणि कॅनडाचा माइक स्टीव्हन्स हे तिघे ऐकावेत. तिघांचं वादन एकाच पठडीतलं नाही. पण छोट्या बाजातून किती काढता येतं हे तिघांकडूनही कळतं.

घरी जत्रेतून आणलेला माउथ ऑर्गन आहे, वर-खाली दोन ओळी भोकांचा. तो चालेल का?

नाही. तो ट्रेमोलो. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड (हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पातळ जिभा) असतात आणि त्या एकमेकींपासून मुद्दाम किंचित सरकवलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. संथ गाण्याला तो गोड लागतो. सेकंदाला सात-आठ सूर काढायला गेलात की सगळं एकात एक मिसळतं. तुम्हाला दहा घरांचा डायटॉनिक हवा, म्हणजे एकाच पट्टीचे स्वर असलेला. बाजूला बटण असलेला, बाराही स्वर देणारा क्रोमॅटिकही ब्लूग्रासला वापरणारे आहेत, पण शिकायला तो निवडू नका.

कोणता घ्यावा आणि किती घ्यावेत?

सुरुवातीला एकच घ्या, सी. शिकवण्या आणि खुणांचे कागद बहुतेक सी वर असतात. दुसरा घ्याल तेव्हा डी, मग ए आणि जी. फिडलवाले डी आणि ए मध्ये रमतात, बँजोवाले जी मध्ये, त्यामुळे या चारांत बरंच भागतं.

बनावटीचं म्हणाल तर प्लास्टिकच्या फणीचा (घरं कोरलेला मधला सांगाडा) आणि स्क्रूनं जोडलेल्या पट्ट्यांचा (ज्यांवर रीड बसवलेल्या असतात) बाजा घ्या. होनर स्पेशल ट्वेंटी, ली ऑस्कर, सुझुकी मांजी किंवा इस्टटॉपचा बरा नमुना, यांपैकी कोणताही चालेल. सायडलच्या १८४७ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या रीड असतात. त्या पितळी रीडपेक्षा जास्त टिकतात, पण पहिल्याच बाजावर एवढा खर्च करायचं कारण नाही. खिळ्यांनी ठोकलेला जुन्या धाटणीचा लाकडी बाजा दिसायला देखणा असतो, पण तो उघडायचा म्हणजे कटकट. आणि या संगीतासाठी बाजा उघडावा लागतोच, ते पुढे येईल.

गावातल्या दुकानात पेटी, तबला, गिटार मिळते. दहा घरांचा चांगला डायटॉनिक मिळेलच असं नाही. मागवताना खोक्यावर पट्टीचं अक्षर बघून घ्या. हातात आला की दहाही घरं फुंकून आणि ओढून तपासा, एकूण २० सूर. एखादा उशिरा बोलत असेल तर तो लगेच बिघडलेला समजू नका. बहुतेक वेळा रीडची फट मोठी असते, आणि ती घरी सुधारता येते.

सरगम कुठे आहे? पेटीसारखी सरळ का नाही?

सी च्या बाजावर मधल्या सप्तकात सगळे शुद्ध स्वर आहेत:

सा ४फुं, रे ४ओ, ग ५फुं, म ५ओ, प ६फुं, ध ६ओ, नी ७ओ, सां ७फुं.

सातव्या घरात नीट बघा. सहाव्या घरापर्यंत फुंकीचा सूर खालचा आणि ओढीचा वरचा असतो. सातव्यात हे उलटतं. ध वरून नी वर जाताना सलग दोनदा ओढायचं आणि मग फुंकायचं. वेगात सगळ्यात जास्त पाय घसरतो तो इथे. म्हणून ‘६ओ ७ओ ७फुं ७ओ ६ओ’ एवढाच तुकडा रोज पन्नास वेळा वाजवा.

खालच्या सप्तकात म आणि ध गायब आहेत. बाजा बनवणाऱ्यांनी तिथे सुरांऐवजी साथीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बसवले: १, २, ३ एकत्र फुंकले की सा-ग-प मिळतो. २ओ आणि ३फुं हे दोन्ही एकच सूर, खालचा प. एक सूर दोनदा आणि दोन सूर अजिबात नाहीत, असा हा व्यवहार. फिडलच्या धुना मात्र खालच्या ध वर सारख्या येतात. म्हणूनच पुढचा पॅडी रिक्टरचा खटाटोप.

‘पोझिशन’ म्हणजे काय?

एकाच बाजावर सा कुठे धरला, त्यावरून पोझिशन ठरते. पेटीवर गायकानं सा सरकवला तर पट्ट्या त्याच राहतात, थाट बदलतो. इथेही तेच.

पहिल्या पोझिशनमध्ये सा ४फुं वर, म्हणजे बिलावल. दुसरीत सा २ओ वर. सी च्या बाजावर तो जी होतो आणि नी कोमल मिळतो, म्हणजे खमाज. तिसरीत सा ४ओ वर, ग आणि नी दोन्ही कोमल, म्हणजे काफी.

दुसऱ्या पोझिशनसाठी कोणता बाजा उचलायचा हे पाठ करून टाका: धून जी मध्ये असेल तर सी चा, ए साठी डी चा, डी साठी जी चा, ई साठी ए चा, सी साठी एफ चा, बी साठी ई चा. थोडक्यात धुनेच्या सा पासून शुद्ध मध्यम मोजा, त्या पट्टीचा बाजा.

कोणती धून कुठे, याचं साधं गणित असं. ‘ओल्ड जो क्लार्क’ ए मध्ये आणि कोमल नीची आहे, ती डी च्या बाजावर दुसऱ्या पोझिशनमध्ये आपोआप बसते. ‘सोल्जर्स जॉय’ डी मधली, शुद्ध स्वरांची. ती डी च्याच बाजावर पहिल्या पोझिशनमध्ये वाजवा. ब्लूज (अमेरिकेतलंच दुसरं एक संगीत) शिकवणाऱ्यांचं ऐकून सगळं दुसऱ्या पोझिशनमध्ये कोंबू नका. फिडलच्या बऱ्याच धुना पहिलीतच सरळ वाटेनं जातात.

पॅडी रिक्टर म्हणजे काय? ते घरी करता येतं का?

येतं. आणि वेगवान धुनांसाठी एवढ्या कमी मेहनतीत एवढा फायदा देणारं दुसरं काही नाही. न्यूझीलंडचे ब्रेंडन पॉवर यांनी हे रूढ केलं. ३फुं हा सूर पूर्ण एक स्वर चढवायचा. सी च्या बाजावर जी चा ए होतो, म्हणजे ३९२ हर्ट्झवरून ४४०. खालचा ध मिळतो आणि प काही हरवत नाही, कारण तो २ओ वर आहेच.

दुसऱ्या पोझिशनमध्ये याच सुराचा रे होतो. साध्या बाजावर हा रे काढायला ३ओ दोन अर्धे स्वर खाली वाकवावा लागतो, म्हणजे तोंडाचा आतला आकार बदलून सूर उतरवावा लागतो. वेगात तो नेमका सुरात लावणं भल्याभल्यांना जमत नाही. पॅडी रिक्टरवर नुसतं फुंकलं की झालं.

लागतं ते सामान: बारीक स्क्रू ड्रायव्हर, सुईसारखी बारीक कानस किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर, रीडखाली सरकवायला पातळ पत्रा आणि फोनवर सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर. पत्र्यासाठी फीलर गेजचं (फट मोजायचं साधन) ०.०५ किंवा ०.१ मिलिमीटरचं पान उत्तम. उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर ते मागायलाही लागणार नाही.

कव्हरचे दोन स्क्रू काढा. आत दोन पट्ट्या दिसतील. फुंकीच्या रीड वरच्या पट्टीवर असतात आणि त्या आतल्या बाजूला, फणीकडे तोंड करून. म्हणून ती पट्टी पूर्ण सोडवावी लागते. स्क्रू एका वाटीत ठेवा, चटईवर पडला की गेला. पट्टी उलटी केली की घरांचा क्रमही उलटा दिसतो. इथेच माणसं भलतीच रीड घासतात. सगळ्यात लांब रीड पहिल्या घराची, तिच्यापासून तिसरी तुमची. स्केच पेननं खूण करा आणि मगच कानस हातात घ्या.

रीडचं एक टोक रिव्हेटनं पक्कं असतं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकाखाली पत्रा सरकवा. टोकाकडच्या साधारण पाव भागावर लांबीच्या दिशेनं हलके घासा. टोक हलकं झालं की रीड जलद थरथरते आणि सूर चढतो. आडवं घासू नका. आडव्या ओरखड्यापाशी पुढे रीड तुटते. दहा-बारा हात मारले की ब्रशनं भुकटी झाडा, पट्टी फणीवर दाबून धरा, हळू फुंका आणि ट्यूनर बघा. घासल्यावर रीड तापलेली असते आणि गरम रीड किंचित उतरलेली दाखवते, म्हणून घाईनं पुढे घासू नका. दहा सेंट कमी असताना थांबा, रात्रभर ठेवा, सकाळी उरलेलं करा.

जास्त चढला तर रिव्हेटजवळ एक-दोन हात मारा, सूर उतरतो. पेटीचे सूर मिळवणारे कारागीर हेच रोज करतात. ज्या जिल्ह्यात पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकानं पिढ्या घडवल्या, तिथे असा माणूस शोधणं अवघड नाही. फक्त त्याला आधी सांगा की ही रीड पेटीच्या रीडपेक्षा पुष्कळ पातळ आणि अरुंद आहे.

एक तोटाही आहे. १-२-३ एकत्र फुंकलं की आता बाजा दुःखी कॉर्ड देतो. साथीला फुंकायचं असेल तर १-२ वर थांबा नाहीतर ४-५-६ घ्या.

आणि ‘मेलडी मेकर’?

ली ऑस्करचा तयार मिळणारा बाजा. त्यात ३फुं एक स्वर चढवलेला असतोच, शिवाय ५ओ आणि ९ओ अर्धा स्वर चढवलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या पोझिशनमध्ये शुद्ध नी मिळतो आणि पूर्ण बिलावल अशी येते: सा २ओ, रे ३फुं, ग ३ओ, म ४फुं, प ४ओ, ध ५फुं, नी ५ओ, सां ६फुं. ओढ-फुंक-ओढ-फुंक, एक आड एक. श्वासाला यापेक्षा सोयीचं काही नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यावर छापलेली पट्टी दुसऱ्या पोझिशनची असते. आणि ‘ओल्ड जो क्लार्क’सारख्या कोमल नीच्या धुनेला तो निरुपयोगी आहे. एकच बदल करायचा असेल तर पॅडी रिक्टर करा.

वेगवान म्हणजे किती वेगवान?

ठोक्याला चार सूर, म्हणजे आपली चौगुन. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर, असेल तर सेकंदाला ४ सूर, १२० वर ८. रमतगमत चाललेल्या बैठकीत ८०–९०, जोमात आलेल्या बैठकीत ११०–१२० आणि त्याच्याही पुढे. फिडलच्या धुनेत साधारण दोन भाग असतात, प्रत्येक भाग ८ बारचा (एका बारमध्ये दोन ठोके) आणि प्रत्येक दोनदा. एकूण ३२ बार, ६४ ठोके. ११० च्या लयीत सगळी धून ३५ सेकंदांत संपते. एवढ्यात तुमची एकट्यानं वाजवायची पाळी येऊन जाते.

हळू वाजवताना सगळं जमतं. वेग वाढवला की सूर चिकटतात, काही बोलतच नाहीत. का?

बहुतेकांचं उत्तर एकच: तुम्ही जोरात फुंकताय. वेग वाढला की हात-पाय ताठतात आणि श्वासाचा दाब वाढतो. दाब वाढला की रीड फटीत घुसून बसते, थरथरतच नाही. मग माणूस आणखी जोर लावतो.

एक तपासणी करा. ४फुं इतक्या हळू वाजवा की शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही. तसाच पूर्ण सप्तक वर-खाली घ्या. आता हाच आवाज धरून वेग वाढवा. सूर स्वच्छ येत असतील तर दोष तुमच्या जोराचा होता.

हळू फुंकूनही एखादाच सूर अडत असेल तर त्याची फट बघा. पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरून रीडचं मोकळं टोक बघा. टोक आणि पट्टी यांत साधारण रीडच्या टोकाच्या जाडीइतकी फट हवी. खालच्या घरांना थोडी जास्त, वरच्यांना अगदी कमी. जास्त असेल तर सूर उशिरा बोलतो आणि वारा खातो. टूथपिकनं टोक अलगद खाली दाबा, सोडा, परत बघा. फार कमी झाली तर किंचित जोरातही सूर गुदमरतो, मग खालून वर उचला. धक्का देऊन वाकवू नका, दाबून धरून सोडा. एका वेळी एकच रीड.

तिसरं कारण ओठांचं. बाजा ओठांच्या टोकावर धरला तर शेजारचं घरही वाजतं आणि वारा बाहेर निसटतो. तो आत घ्या, ओठांचा ओला भाग लागेल इतका. जबडा सैल ठेवा. घर बदलताना मान हलवू नका, हात हलवा. दोन घरांमधलं अंतर जेमतेम सात-आठ मिलिमीटर आहे, तेवढ्यासाठी डोकं फिरवायचं कारण नाही.

छाती भरून येते, दम कोंडतो.

दम कमी पडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो जास्त झालेला असतो. साध्या बाजावर दुसऱ्या पोझिशनमध्ये २ओ, ३ओ, ४ओ हे सूर सारखे येतात आणि हवा आत साठत जाते. दोन उपाय. फुंकीचा सूर आला की नाक उघडं ठेवून जास्तीची हवा नाकावाटे सोडा. सूर किंचित पातळ होतो, पण धून चालू राहते. दुसरं, धून शिकतानाच श्वासाच्या जागा ठरवून टाका, गवई ताना घेताना ठरवतो तशा. भागाच्या शेवटचा लांब सूर अर्धाच वाजवा आणि उरलेल्या अर्ध्यात हवा सोडा.

प्रत्येक सुराला जीभ लावायची का?

नाही, आणि लावायला गेलात तर ८० च्या पुढे जाणार नाही. फुंकीवरून ओढीवर जाताना सूर आपोआप तुटतो. जीभ लागते ती एकाच दिशेचे दोन सूर लागोपाठ आले की. तिथे हलका ‘त’. तोच सूर चार वेळा आला तर ‘त-क-त-क’: ‘त’ दातांमागे, ‘क’ टाळ्याला मागे. तबल्याचं तिरकिट तोंडानं म्हणणाऱ्याला हे दोन दिवसांत येतं. ओढताना ‘त-क’ म्हणणं आधी चमत्कारिक वाटतं. बाजा न घेता नुसता श्वास आत ओढत म्हणून बघा, चालता-फिरता.

‘क’ बहुतेकांचा कमकुवत असतो. म्हणून आठवडाभर उलटं म्हणा: क-त-क-त.

रोजचा सराव कसा करावा?

एक तुकडा घेऊ: ग म प ग रे सा रे ग. आठ सूर, चौगुनीत दोन ठोके.

पहिल्या पोझिशनमध्ये: ५फुं ५ओ ६फुं ५फुं ४ओ ४फुं ४ओ ५फुं.

मेलडी मेकरवर: ३ओ ४फुं ४ओ ३ओ ३फुं २ओ ३फुं ३ओ.

दोन्हीकडे श्वासाची दिशा फक्त एकाच जागी बदलत नाही, प वरून ग वर येताना. पहिलीत ६फुं ते ५फुं, मेलडी मेकरवर ४ओ ते ३ओ. तिथे ‘त’ लावा, नाहीतर सूर घसरत येतो. बाकी सात सुरांना जिभेची गरज नाही. कोणतीही धून हातात घेतली की आधी अशा जागांना पेन्सिलनं खूण करा, जीभ कुठे लागणार ते कागदावरच कळतं.

मेट्रोनोम ६० वर लावा. तुकडा लागोपाठ तीनदा स्वच्छ आला तर ४ नं वाढवा. चुकला तर ८ नं खाली या. लोक वर चढतात, खाली उतरत नाहीत, म्हणून चूकही सरावानं पक्की होते. एवढ्या शिडीनं साधारण ९० पर्यंत जाता येतं. पुढे ती अडते, कारण हळू लयीत चालणारी मोठी हालचाल वेगात बसत नाही. तेव्हा मेट्रोनोम थेट ११० वर ठेवा आणि फक्त चार सूर वाजवा. थांबा. परत चार. ते सैलपणे आले की पाच, मग आठ. दोन्ही पद्धती एक दिवसाआड करा.

वीस मिनिटं सकाळी आणि वीस संध्याकाळी. सलग दीड तास केला तर ओठ सुजतात आणि शेवटचा अर्धा तास वाईट सवयी लागण्यात जातो.

धून पूर्ण वेगात येत नसेल तर मधले सूर गाळा. ठोक्यावरचा सूर आणि त्याच्यामागचा एक एवढंच वाजवा. ऐकणाऱ्याला धून ओळखू येते आणि लय सुटत नाही. अडखळत पूर्ण वाजवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

सूर वाकवणं यायलाच हवं का?

धुनांसाठी जवळजवळ नाही. गाण्याच्या मधल्या जागा भरताना ३ओ, ४ओ किंचित वाकवले की रंग येतो. पण प्रत्येक सुराला ब्लूजची रड लावली की ब्लूग्रासवाले तोंड फिरवतात.

आमची लय भजनाची. ब्लूग्रासचा ठेका वेगळा लागतो का?

मोजणी तीच, भर वेगळा. डबल बास ठोक्यावर पडतो आणि मँडोलिन दोन ठोक्यांच्या मधोमध ‘चक्’ असं तोडतं. बुम-चक्, बुम-चक्. आपल्याकडे टाळी समेवर पडते, त्यामुळे आपला बाजाही तिथेच जोर लावतो आणि ऐकायला जड वाटतो. मेट्रोनोमचा आवाज हा ‘चक्’ आहे असं समजून वाजवा, म्हणजे खरा ठोका तुम्ही मनात धरायचा. पहिले चार दिवस सम सारखी पलटते. समोर कोणी ‘चक्’च्या जागी टाळी देत बसलं तर लवकर जमतं.

साथ करायची असेल तेव्हा हाच ‘चक्’ काढा: २-३-४ ओढ, अगदी छोटी, जीभ लगेच लावून बंद. सी च्या बाजावर हा जी कॉर्ड. गिटारवाला सी किंवा डी वर गेला की गप्प बसा नाहीतर त्याच्या कॉर्डमधला एकच सूर घ्या.

गणपतीच्या बेंजो पार्टीबरोबर वाजवता येईल का?

तो बेंजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुल तरंगाच्या घराण्यातलं वाद्य. ब्लूग्रासचा बँजो चामडी किंवा प्लास्टिक ताणलेल्या कड्याचा, पाच तारांचा, बोटांत नख्या घालून वाजवायचा. बरोबर वाजवायला हरकत नाही, पण मिरवणुकीच्या स्पीकरसमोर माउथ ऑर्गन ऐकू येणार नाही. आधी पट्टी विचारून घ्या. बेंजो आणि जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या ए पासून सरकलेल्या असू शकतात. तुमच्या बाजाला सूर जुळवायची खुंटी नाही, तेव्हा जुळवून त्यांनाच घ्यावं लागेल.

खरा उपयोगी जोडीदार म्हणजे ठेका धरून ठेवणारा गिटारवाला. तोही नसेल तर फोनवर साथीचा ट्रॅक लावा, पट्टी न बदलता वेग कमी करता येईल असा.

इतरांबरोबर बसल्यावर काय पाळावं?

पट्टी सांगितली की बाजा हातात तयार हवा. गाणारा गात असताना धून वाजवू नका. ओळ संपली की छोटी जागा भरा. दोन फिडल आणि बँजो असतील तर ‘चक्’सुद्धा सोडा, मँडोलिन ते काम करतंय. आपली पाळी खुणेनं मिळते. नको असेल तर मान हलवून पुढे द्या.

पावसाळ्यात बाजा बिघडतो का?

कणकुंबी, जांबोटी, लोंढ्याकडे राहत असाल तर उघड्या लाकडी फणीचा बाजा घेऊ नका. ती फुगते, कडा बाहेर येतात आणि ओठ सोलतात. अथणी, रायबागकडे उलट त्रास: वाजवताना ओली झालेली फणी नंतर कोरडी पडून आक्रसते आणि फटींतून वारा निसटतो. प्लास्टिक किंवा वॉर्निश केलेली फणी दोन्हीकडे टिकते.

थंडीत सकाळी बाजा लगेच तोंडाला लावू नका. गार पितळेवर गरम श्वासाचं पाणी धरतं आणि रीड चिकटते. पाच मिनिटं खिशात किंवा मुठीत गरम करा. वाजवून झाल्यावर घरं खाली करून तळहातावर आपटा, ओल निघते. ओला बाजा डबीत बंद करू नका.

किती दिवस टिकतो?

हलक्या श्वासानं वाजवणाऱ्याचा वर्षानुवर्षं. जोरात ओढणाऱ्याचा बहुतेक ४ओ किंवा ५ओ आधी उतरतो. सूर थोडा उतरला तर टोकाला घासून परत मिळवता येतो. पण काही दिवसांत पुन्हा उतरला तर रीडला तडा गेला आहे, ती संपली.

नोटेशन वाचता यायला हवं का?

नको. घरांच्या खुणा आणि कान पुरेत. फक्त खुणांवर अवलंबून राहू नका, धून आधी गुणगुणता आली पाहिजे.

कुंदा खाऊन वाजवलं तर?

खवा आणि साखर थुंकीबरोबर आत जाते, रीडच्या कडेला सुकते आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन घरं मुकी होतात. चहा, पान, तंबाखूचंही तेच, तंबाखूचे तर कण अडकतात. आधी चूळ भरा, पाच मिनिटं थांबा. झालंच असेल आणि फणी प्लास्टिकची असेल तर कव्हर काढून बाजा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, झटका, उघडाच वाळवा. अडलेली रीड टूथपिकनं रिव्हेटकडून टोकाकडे हलकी साफ करा. टोकाकडून रिव्हेटकडे गेलात तर काडी रीडखाली अडकून ती वाकते. लाकडी फणीचा असेल तर पाणी नको. पट्ट्या सोडवून त्या तेवढ्या धुवा.